संवर्धनातील क्रेफिशच्या प्रजननावर आहाराचा परिणाम कसा होतो?

क्रेफिशच्या, म्हणजे गोड्या पाण्यातील लहान शेवंडासारख्या कवचधारी प्राण्याच्या, माद्यांना जास्त प्रथिनांचे खाद्य दिल्यास त्या जास्त अंडी घालतात का, आणि असे खाद्य केव्हापासून द्यावे, असे आपण विचारले आहे. मत्स्यशास्त्राचा अभ्यासक म्हणून माझे मत असे की, प्रथिनांच्या टक्केवारीपेक्षा अंडी घालण्यापूर्वीच्या काळात मादीने काय खाल्ले आणि अंगात किती साठवले, याला अधिक महत्त्व आहे.

अमेरिकेतील लुईझियाना राज्यात हे स्पष्ट दिसते. तेथे प्रोकॅम्बॅरस क्लार्काय ही तांबडी जात भाताच्या तळ्यांत वाढवतात आणि बहुतेक शेतकरी तिला तयार खाद्य घालतच नाहीत. शरद ऋतूत पाणी भरले की भाताचा पेंढा कुजू लागतो, त्यावर जिवाणू व बुरशी वाढते, त्यावर कृमी आणि कीटकांच्या अळ्या पोसतात, आणि क्रेफिशचे खरे पोषण या जिवांतून होते. मे-जूनच्या सुमारास तळी आटवली की समागम झालेल्या माद्या बिळांत शिरतात व तेथेच अंडी घालतात. बिळात खायला जवळजवळ काहीच नसते. म्हणजे अंड्यांत जे जाते, ते वसंतात कमावलेलेच असते. त्या दिवसांत तळ्यात गर्दी झाली आणि पेंढा संपला, तर क्रेफिश खुरटतात व लहान आकारातच वयात येतात. लहान मादीला शंभराहूनही कमी अंडी असू शकतात, मोठीला पाचशेच्या वर.

हा साठा यकृत आणि स्वादुपिंड या दोहोंचे काम करणाऱ्या पिवळ्या ग्रंथीत असतो. लुईझियानात तिला सरळ ‘फॅट’ म्हणतात आणि चवीसाठी रश्श्यात घालतात. अंडाशय पिकू लागले की येथील स्निग्धांश तिकडे जातो, आणि पांढरट अंडी पिवळी, मग तपकिरी, शेवटी काळपट होतात.

म्हणून मी स्निग्धांशाच्या प्रतीकडे आधी पाहतो. कवचधारी प्राण्यांना कोलेस्टेरॉल स्वतः तयार करता येत नाही, आणि पेशींच्या आवरणासाठी व कात टाकण्याच्या संप्रेरकासाठी ते लागतेच. सोयाबीन पेंड आणि भाताचा कोंडा यांत ते नगण्य असल्यामुळे केवळ वनस्पतिजन्य खाद्यावर प्रजनक माद्या ठेवणे मला योग्य वाटत नाही. माशांची भुकटी, कोळंबीची डोकी किंवा माकूळ यांतून कोलेस्टेरॉल, लांब साखळीची मेदाम्ले आणि फॉस्फोलिपिडे (फॉस्फरसयुक्त स्निग्ध पदार्थ) हेही मिळतात. जीवनसत्त्व ई हा स्निग्धांश खराब होऊ देत नाही. प्रथिनांबाबत सांगायचे तर, ऑस्ट्रेलियाच्या रेडक्लॉ जातीवरील प्रयोगांत 30 टक्क्यांच्या थोडे वरचे प्रमाण चांगले ठरले. त्याहून वाढवून विशेष लाभ झाला नाही.

क्रेफिशच्या बाबतीत ही काळजी अधिक घ्यावी लागते, कारण त्याला पाण्यात तरंगणारी अळीची अवस्था नसते. जंबो कोळंबीच्या अळ्यांना बीजोत्पादन केंद्रात आर्टेमिया हे खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीव खाऊ घालून आईच्या आहारातील उणीव काही अंशी भरून काढता येते. क्रेफिशचे पिल्लू मात्र अंड्यातून बाहेर आल्यावरही पहिल्या दोन काती टाकेपर्यंत आईच्या पोटाखालील पायांना चिकटून बलकावरच जगते.

त्यामुळे खाद्य अंडाशय पिवळे असतानाच सुधारावे. शेपटीच्या खालच्या बाजूस पांढऱ्या ग्रंथी दिसू लागल्या की अंडी घालण्याची वेळ जवळ आलेली असते, आणि अंडी पोटाखाली आल्यावर त्यांतील बलक कोणत्याही खाद्याने बदलत नाही. शिवाय तेव्हा मादी खातेही कमी.

आपण भारतात संवर्धनाचा विचार करत असाल, तर परदेशी जलचर आणण्यास शासनाची परवानगी लागते, हे आधी पाहावे. तांबडा क्रेफिश तळ्यांतून निसटून युरोप आणि आफ्रिकेत उपद्रवी ठरला आहे, त्यामुळे ही अट मला रास्त वाटते.