पहिल्या लिलावात बसायच्या आधी

अरे,

नाण्यांच्या लिलावात पहिल्यांदा बसणार म्हणून लिहिलेला तुझा मेसेज वाचला, कॅटलॉगची पीडीएफपण चाळली. सात लॉटवर, म्हणजे बोलीला निघणाऱ्या सात नगांवर, खुणा केल्यायस आणि बजेट म्हणतोस दहा हजार, म्हणजे त्यातले पाच आत्ताच खोडून टाक. नवीन पोरं बोली लावताना फसतात असं सगळ्यांना वाटतं, पण ती त्याच्या आधीच फसलेली असतात, घरी बसून हिशोब केलेला नसतो म्हणून.

हातोडा ज्या आकड्यावर पडतो तो तुला पडणारा भाव नसतो बाबा. त्यावर लिलाव करणाऱ्या हाऊसचा बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून घेतलेलं कमिशन, मग जीएसटी, मग कुरियर आणि इन्शुरन्स. प्रत्येकाचे टक्के वेगळे असतात, नियमांच्या पानावर बारीक अक्षरात दिलेले असतात आणि ते पान कोणी वाचत नाही. समजा प्रीमियम 15 टक्के आणि त्या प्रीमियमवर 18 टक्के जीएसटी, तर 10,000 च्या हातोड्याला 11,770 झाले, नाण्यावरचा टॅक्स लागला तर तो अजून वेगळा. म्हणून खिशात दहा असतील तर आठला हात खाली. आणि हा आठ आदल्या रात्री पेनाने लिहून ठेव, कारण लिलाव चालू झाला की समोरचा पाचशेने चढला म्हणून आपणपण चढतो, आणि ऑनलाईन तर समोर कोण बसलंय तेही दिसत नाही. स्वतःवर भरवसा नसेल तर आधीच मॅक्सिमम बोली देऊन ठेव आणि फोन बाजूला टाकून जेवायला बस.

आता नाणी. तुझ्या यादीतल्या 1862 च्या राणीछाप रुपयाला कॅटलॉगमध्ये नुसतं 'मुंबई टांकसाळ, छान अवस्था' एवढंच लिहिलंय. पण त्यावरचं 1862 हे सालच मुळात फसवं आहे, कारण तेच साल पुढे कितीतरी वर्षं छापत राहिले, 1874 पासून कुठे खरं साल यायला लागलं. मधल्या काळात मुंबईच्या टांकसाळीने उलट्या बाजूला बारीक बारीक ठिपके टाकले आणि आज संग्राहक त्या ठिपक्यांच्या संख्येवर पैसे मोजतात. एखादा प्रकार ढिगाने मिळतो, एखादा शोधूनही सापडत नाही. फोटोत ठिपके मोजता येत नसतील तर हाऊसला ईमेल करून मोठा फोटो माग, लाजू नको, मागितला की देतात.

1911 चा पंचम जॉर्जचा रुपया, ज्याला सगळे 'पिग रुपया' म्हणतात, तो तर सध्या सोड. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंब झाली, पुढच्या वर्षी डिझाईन बदललं आणि बरीचशी नाणी परत वितळवली, म्हणून भाव चढा. हत्तीची सोंड आखूड हवी. सोंड लांब आणि साल 1911 असं दिसलं तर सालावर कोणीतरी हात चालवलाय समज.

व्ह्यूइंग, म्हणजे लिलावाआधी नाणी हातात घेऊन बघायची सोय, ठेवलंय ना, तिथे जाच. दहापट भिंग आणि छोटा डिजिटल काटा घेऊन जा. त्या काळातल्या चांदीच्या रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, झिजलेला असेल तर थोडं कमी भरेल, पण खूपच कमी किंवा जास्त भरलं तर सरळ खाली ठेव. नाणं कडेला धरायचं, बोटं त्याच्या छापावर टेकवायची नाहीत. मग कड फिरवून बघ. आपल्याकडे राणीछापला कडी लावून ती गळ्यात घालायची पद्धत होती, मग विकताना ती कडी कापून काढतात आणि तिथे कानस मारतात. राणीच्या डोक्यावरच्या बाजूला कडेच्या उभ्या रेघा बोटभर जागेत सपाट झाल्या असतील किंवा कडी जोडल्याच्या टाक्याचा करडा डाग असेल तर फोटोत कितीही सुंदर दिसू दे, तो निम्म्या भावाचा माल. आणि आरशासारखं चकचकीत जुनं नाणं बघून भुलू नको, ते घासलेलं असतं. मला विचारशील तर काळपट पडलेलं कधीही बरं.

शिवराईच्या, म्हणजे तांब्याच्या जुन्या मराठा नाण्याच्या, लॉटवर 'शिवकालीन' लिहिलंय म्हणून उडी मारू नकोस. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्र पति' ही अक्षरं महाराजांच्या नंतरही, अगदी पेशवाईतसुद्धा तांब्यावर पडत राहिली. म्हणजे नाणं अस्सल आणि तरी महाराजांच्या काळातलं नाही असं सर्रास होतं. दुदांडी, म्हणजे अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघांची, असेल तर ती नंतरचीच. घ्यायला हरकत नाही, पण नंतरच्या भावात. सोन्याच्या होनाचं तर नावच काढू नको, नकलांचा नुसता सुळसुळाट आहे.

न्यू जर्सीच्या ताईला एक पाठवायचं म्हणत होतास ते विसर. शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, देशाबाहेर नेता येत नाही, पर्समध्ये टाकूनसुद्धा नाही. आणि ते जे तुला रिझर्व्ह बँकेच्या नावाने 'जुनी नाणी विका, आधी फी भरा' असे मेसेज येतात ना, ते ब्लॉक कर. बँक असल्या व्यवहारात पडत नाही, 2021 मध्ये त्यांनी स्वतःच तसं जाहीर केलंय.

राणीछाप आणि शिवराई, हे दोनच ठेव. व्ह्यूइंगला गेलास की वजन, कडेचा फोटो आणि ठिपक्यांचा क्लोजअप मला टाक, आठच्या आत कुठल्यावर किती लिहायचे ते रात्री फोनवर बसून ठरवू.

तुझा,
काका