पोटावर पांढरे पट्टे म्हणजे डेंग्यूचाच डास, असं नसतं

दादा, रंकाळ्याजवळच्या तुमच्या घरी दिवस मावळताना संडासात मोठे काळे डास दिसतात, पोटावर पांढरे पट्टे आहेत, तर ते डेंग्यूचेच का, असं तुम्ही विचारलंय. वर्णनावरून मला ते आर्मिजेरिस वाटतात. हा सेप्टिक टँकच्या घाण पाण्यात वाढतो, तिन्हीसांजेला कडकडून चावतो आणि पट्टे बघून लोक त्यालाच डेंग्यूचा समजतात.

पण माझ्या अंदाजावर थांबू नका, एक पकडून बघाच. टाळी मारू नका, अंगावरचे खवले झडले की ओळखच पुसते. भिंतीवर बसलेल्या डासावर काचेचा ग्लास उपडा धरा, खालून कागद सरकवा आणि अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. मग पांढऱ्या कागदावर घेऊन भिंगातून बघा. डोक्यावर पिसासारखे केसाळ तुरे असतील तर तो नर, तो चावत नाही. दुसरा पकडा.

आता मागचे पाय बघा. एडिस म्हणजे डेंग्यूचा डास, त्याच्या काळ्या पायांवर टोकापर्यंत पांढरी कडी असतात, पैंजण घातल्यासारखी. आर्मिजेरिसचे पाय नुसते काळपट, सोंड खाली किंचित वाकलेली आणि अंगानं तो चांगलाच थोराड. एडिस निघाला तर पाठीकडं वळा. दोन्ही कडांना कोयत्यासारख्या वळलेल्या पांढऱ्या रेघा असतील तर एडिस इजिप्टी. मधोमध एकच ठळक रेघ असेल तर अल्बोपिक्टस. डेंग्यू आणि चिकुनगुन्या दोघांकडूनही पसरतो. जुन्या डासाच्या पाठीवरची नक्षी झिजलेली असते, म्हणून मी आधी पाय बघायला सांगतो.

रात्री कानाशी गुणगुणणारा तपकिरी, कुबड काढून बसणारा तो क्युलेक्स, गटारातला. हिवतापाचा ॲनोफेलिस ढुंगण वर करून तिरका बसतो, पंखांवर ठिपके असतात. रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादेत हिवतापाचे जंतू सापडले ते अशाच ठिपकेदार पंखांच्या डासात.

तुमचा आर्मिजेरिसच निघाला तर सेप्टिक टँकच्या झाकणाच्या फटी सिमेंटनं बुजवा आणि हवेच्या पाइपला बारीक जाळी बांधा. एडिस निघाला तर मात्र त्याच दिवशी फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा आणि गच्चीवरचं पिंप रिकामं करा. पिंप नुसतं उपडं करून भागत नाही, आतून काथ्यानं घासायला लागतं. एडिसची अंडी पाण्याच्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोनमहिने जगतात आणि परत पाणी भरलं की फुटतात.