४५ हजारांचा पटर: पैसे नक्की कशाचे जातात?

तुमचा गोल्फचा प्रश्न थोडक्यात असा: हँडिकॅप २२ (म्हणजे राउंडमागे पारपेक्षा साधारण २२ फटके जास्त), उंची पाच फूट पाच, सध्याचा पटर (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, चेंडू होलमध्ये ढकलायची काठी) सेटसोबत आलेला. आतेभाऊ दिवाळीत अमेरिकेहून येतोय, तर त्याच्याकडून स्कॉटी कॅमरन या ब्रँडचा ४५ हजारांचा न्यूपोर्ट पटर मागवावा का, आणि त्याने पट (पटरने मारलेले फटके) होलमध्ये पडायला लागतील का?

पटर महाग आहे म्हणून पट पडत नाहीत. हौस म्हणून घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, हौसेला मोल नसतं. पण स्कोअर कमी करायला म्हणून घेणार असाल तर आधी हे वाचा.

जास्तीचे पैसे कशाचे जातात? स्वस्त पटरचं डोकं बहुतेक वेळा ओतीव असतं. न्यूपोर्टसारखं डोकं ३०३ स्टेनलेसच्या अखंड ठोकळ्यातून मशीनवर कोरून काढतात. नाशिकच्या सातपूर-अंबडला ज्यांचं वर्कशॉप आहे त्यांना पुढचं सांगायला नको: असा एक जॉब काढायला व्हीएमसीचा (धातू कोरणाऱ्या संगणकी मशीनचा) किती वेळ जातो आणि किती माल बुरादा होऊन खाली पडतो, ते रोज बघतात. वर फिनिशिंग, नाव आणि जाहिरात. वस्तू देखणी होते, लॉफ्ट-लाय (डोक्याचा कल आणि दांड्याचा कोन) काटेकोर येतात, जुनी झाली तरी विकताना बऱ्यापैकी किंमत येते. हे सगळं खरं आहे. पण जेमतेम ४६ ग्रॅमच्या चेंडूला आपल्याला ओतीव डोक्याने मारलं की कोरीव, हे कळत नाही. ज्याला आपण ‘फील’ म्हणतो तो निम्म्याहून जास्त कानाचा खेळ आहे, असं माझं मत.

आणि न्यूपोर्टचा आकार मुळात पिंगच्या १९६६ सालच्या ‘आन्सर’चा. आज तो जवळजवळ प्रत्येक कंपनी बनवते, निम्म्या किमतीतही मिळतो.

टायगर वूड्सने आपल्या १५ पैकी १४ मेजर (सर्वात मोठ्या स्पर्धा) न्यूपोर्ट २ ने जिंकल्या, हे कुणीतरी सांगणारच. मग स्कॉटी शेफलर या खेळाडूचंही सांगा. चेंडू ग्रीनवर आणण्यात तो जगात पहिला होता, पण पटिंगने मार खात होता. मार्च २०२४ मध्ये त्याने ब्लेड (न्यूपोर्टसारखा पातळ डोक्याचा पटर) सोडून टेलरमेडचा स्पायडर हा मॅलेट (मोठ्या, रुंद डोक्याचा पटर) हातात घेतला आणि त्याच आठवड्यात बे हिलची स्पर्धा जिंकला. त्याला नवा आकार उपयोगी पडला. किंमत म्हणाल तर स्पायडर न्यूपोर्टपेक्षा स्वस्तच आहे.

आता मुद्द्याचं. चेंडू कुठल्या दिशेला सुटणार हे ८० टक्क्यांहून जास्त फेस (पटरची चेंडूला लागणारी बाजू) कुठे बघतोय त्यावर ठरतं. १० फुटांवरून फेस फक्त एक अंश वाकडा असेल तर चेंडू होलपाशी दोन इंचांहून थोडा जास्त सरकतो. होल सव्वाचार इंचांचं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत दोन इंच आणि वर जरासं. एका अंशात पट काठावर गेला! त्यामुळे पटर निवडताना मी एकच गोष्ट बघतो: तो मांडल्यावर माझा फेस खरोखर लक्ष्याकडे असतो का. काहींना ब्लेडच्या पातळ रेषेवरून नेम लागतो, काहींना मॅलेटची लांब रेघ लागते. हे दुकानात उभं राहून समजत नाही. फरशीच्या सरळ सांध्यावर पटर मांडा, डोळे मिटून पुन्हा मांडा, आणि मागून मित्राला बघायला सांगा. दोन-तीन आकार असे आलटून पालटून बघितले की एखादा आपणहून सरळ बसतो.

दुसरी गोष्ट लांबी, आणि इथे तुमचं नुकसान होतंय असा माझा दाट संशय आहे. सेटसोबतचे पटर सहसा ३४-३५ इंचांचे असतात. तुमच्या उंचीला ३३ पुरेल. लांब पटर घेऊन वाकलात की डोक्याची टाच (हील, दांड्याकडची बाजू) जमिनीला टेकते, टो (पुढचं टोक) वर उचलला जातो, किंवा तुम्ही ग्रिप खाली धरता आणि वरचा दांडा पोटाला लागतो. कापून घेता येतो, फक्त दोन इंच कमी केले की डोकं हलकं वाटायला लागतं. महाग पटरमध्ये तळाचे वजनाचे स्क्रू बदलून ते भरून काढता येतं, हा मात्र खरा फायदा आहे.

टो हँग, म्हणजे टो किती झुकतो, तेही बघा. शाफ्ट (दांडा) डोक्याजवळ बोटावर आडवा तोला. टो खाली झुकला तर तो कमानीत फिरणाऱ्या स्ट्रोकसाठी, फेस आकाशाकडे राहिला तर सरळ मागे-पुढे जाणाऱ्यासाठी. न्यूपोर्ट झुकणारा आहे. तुमचा स्ट्रोक सरळ असेल तर ४५ हजार देऊन आयुष्यभर त्याच्याशी भांडत बसाल.

आणि पटिंगवर किती जीव टाकायचा? कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक टूरच्या आकडेवारीवरून दाखवलंय की अव्वल खेळाडू इतरांपेक्षा जे फटके वाचवतात, त्यात पटिंगचा वाटा साधारण १५ टक्के आणि ग्रीनकडे मारलेल्या शॉट्सचा ४० टक्के. २२ हँडिकॅपवाला थ्री-पट करतो (ग्रीनवर तीन फटके घेतो) तो बहुतेक पहिला पट सहा फूट मागे-पुढे राहिल्यामुळे. आपल्याकडे पावसाळ्यात ग्रीन गच्च आणि संथ, मार्चमध्ये तेच ग्रीन पळायला लागतं. हा वेग हातात बसवायला पटर नाही, सराव लागतो. नाशकात गोल्फ क्लब म्हटलं की लोक क्रिकेटचं मैदान आणि जॉगिंग ट्रॅक दाखवतात, तेव्हा देवळालीला किंवा पुण्या-मुंबईला ग्रीन मिळेल तेव्हा आधी अर्धा तास तिथे घालवा. फेसला टाल्कम पावडर लावून मारा, चेंडूचा ठसा कुठे उठतो ते दिसेल. ठसे टो आणि हीलकडे पसरले असतील तर तुम्हाला चूक पोटात घालणारा मॅलेट हवा, ब्लेड नव्हे.

तुमच्या जागी मी असतो तर पुण्या-मुंबईत फिटिंग (आपल्या मापाचा पटर ठरवणं) करून मधल्या किमतीचा किंवा चांगला वापरलेला पटर घेतला असता, आणि उरलेल्या पैशांत कोचकडे आयर्नचे (ग्रीनकडे मारायच्या काठ्यांचे) फटके सुधारून घेतले असते.

तरीही न्यूपोर्टच हवा असेल तर भावाला अधिकृत दुकानातूनच घ्यायला सांगा आणि लांबी ३३ इंच असं स्पष्ट कळवा. ऑनलाइन कुणी निम्म्या किमतीत देत असेल तर सावध, या ब्रँडच्या नकला फार फिरतात. फ्रीजवरचं चुंबक डोक्याच्या मागच्या बाजूला लावून बघा. ३०३ स्टेनलेसला ते जवळजवळ चिकटत नाही (शाफ्टला चिकटेल, तो वेगळा). काही जुनी मॉडेल कार्बन स्टीलची आहेत, त्यांना चिकटणारच, पण ती पावसाळ्यात गंजतात. तसा घेतलात तर प्रत्येक राउंडनंतर पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा, आणि ओलं कव्हर घालून बॅगेत ठेवायचा नाही.