आमचा भद्रकालीजवळचा वाडा महापालिकेने धोकादायक ठरवलाय, पाडू की ठेवू?

तुम्ही लिहिलंय की वाडा आजोबांच्या वेळचा, दारावर महापालिकेची नोटीस, एक बिल्डर रोज फोन करतोय, आणि मित्र म्हणतायत हेरिटेज आहे, हात लावू नकोस. शिवाय विचारलंय की मुळात जुन्या नाशकाचं करायचं काय, जपायचं की नव्याने बांधायचं. मी सिव्हिल डिप्लोमावाला, बावीस वर्षं साईटवर आहे, त्यातली निम्मी गावठाणातल्या दुरुस्त्यांत गेली, आणि माझा स्वतःचा जन्म सोमवार पेठेतल्या वाड्यातला. तो वाडा आता नाहीये. म्हणून जरा लांबट लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी एक, मागच्या भिंतीला लागून कोणी झोपत असेल तर आज रात्रीपासून ती खोली बंद करा. बाकी सगळं नंतर.

आमचा वाडा काही मोठ्या सरदाराचा नव्हता. एक चौक, पुढे ओटा, दिंडी दरवाजा, आत देवडी, चौकाभोवती ओसरी, दगडी तळखड्यांवर सागवानी खांब आणि वर कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत. भिंती दोन हात जाड, पांढऱ्या मातीच्या, बाहेरून भाजक्या विटेचा थर. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदेला तो मोठा पूर आला, सराफ बाजारात पाणी, दहीपुलावर पाणी, दुतोंड्या मारुती पार बुडालेला, पण आम्ही चढावर असल्यामुळे आमच्या गल्लीत नदीचं पाणी आलं नाही आणि आम्ही आपले निवांत होतो. पाऊस थांबून चार दिवस झाले, चक्क ऊन पडलं, आणि दुपारी चारच्या सुमाराला मागची भिंत बसली. कोसळली नाही, बसली, गुडघ्यात दुमडल्यासारखी खाली आली आणि नंतर सगळीकडे धूळ. काकू वाकळा वाळत घालायला पुढच्या ओट्यावर होती म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक तुळई बघत गेलो. मधल्या भागात लाकूड इतकं टणक की खिळा ठोकला तर वाकत होता. आणि त्याच तुळईचं जे टोक भिंतीत होतं, तिथे स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला, बाहेर काढला तर ओला भुसा. एकाच लाकडाची दोन टोकं. कारण काय तर नव्वदच्या दशकात वडिलांनी मागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, भिंत भुरभुरायची म्हणून, चांगल्या मनाने. मातीची भिंत पाणी पिते आणि उन्हात परत सोडते, चुन्याचा गिलावा असला तर ओल बाहेर पडायला वाट असते, सिमेंटने ती वाट बंद केली. त्यात भाडेकरूने मागे न्हाणीघर काढलेलं, त्याचा पाईप भिंतीतच फुटलेला. वीस वर्षं ते पाणी आतल्या आत मुरत होतं आणि बाहेरून भिंत अगदी छान रंगवलेली.

हे एवढ्यासाठी सांगतोय की मी आजवर जेवढे पडलेले वाडे आतून बघितले त्यातला एकही नुसत्या वयाने पडलेला नव्हता. फुटलेला पाईप, तुंबलेली पन्हाळ, भिंतीत शिरलेला पिंपळ, आणि शाकारणी बंद झालेली. पूर्वी वैशाखात माणूस कौलांवर चढायचाच, फुटकी बदलायची, बाकीची परतून लावायची, दोन दिवसांचं काम. ते कधी बंद होतं? घरात राहणारे कमी झाले की. मुलं गंगापूर रोडला, इंदिरानगरला गेली, वर राहायला कोणी नाही, मग गळतंय हे कळणार कोणाला.

आणि कळलं तरी पैसे कोण घालणार, हा खरा गुंता. आमच्या प्रॉपर्टी कार्डवर आजोबांच्या नावाखाली नऊ नावं लागलेली, तीन चुलते, दोन आत्या, त्यांची मुलं, एक जण अमेरिकेत. तीन भाडेकरू, एकाचं भाडं महिन्याला ४५ रुपये. भाडं नियंत्रण कायदा १९९९ चा, त्यात वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते, पण ४५ चे ४ टक्के म्हणजे दोन रुपये होत नाहीत, त्यात एक कौलसुद्धा येत नाही. मग मालक म्हणतो मी कशाला खर्च करू, भाडेकरू म्हणतो घर माझं नाही, आणि मधल्यामध्ये लाकूड सडतं. काही मालक मनातून वाट बघत बसतात की एकदा पडलं की भाडेकरू आपोआप जातील. तसं होत नाही हेही लक्षात ठेवा, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सांगितलंय की इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. म्हणून तुमच्याकडे भाडेकरू असतील तर पहिल्या दिवसापासून त्यांना सोबत घ्या, कोणाकडे किती चौरस फूट आहे ते मोजून सगळ्यांच्या सह्या घ्या. हे न केल्याने रिकामे पडलेले प्लॉट तुम्हाला जुन्या नाशकात जागोजागी दिसतील, पत्रे ठोकलेले, आत एरंड वाढलेला.

आता नोटीस. नोटीस महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची असेल, दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गावठाणात अशा शेकड्याने निघतात. तिच्यात नेमकं काय लिहिलंय ते वाचा, दुरुस्त करा असं आहे, रिकामं करा आहे की उतरवून घ्या आहे. मग स्ट्रक्चरल ऑडिट येतं आणि इमारतीला वर्ग मिळतो, सी-१ म्हणजे राहण्यालायक नाही, रिकामी करून पाडा, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. तुमचं सगळं भवितव्य या एका अक्षरावर ठरतं आणि इथेच घोळ होतो. ऑडिट करणारे बहुतेक जण आरसीसीवाले, म्हणजे सळई-काँक्रीटच्या इमारतींची सवय असलेले. माझ्यासमोर एका इंजिनियरने मातीच्या भिंतीवर रिबाउंड हॅमर मारलाय, जे यंत्र काँक्रीटसाठी आहे, आणि रीडिंग कमी आलं म्हणून सरळ सी-१ लिहून दिलं. मातीची भिंत काँक्रीटसारखी कशी वाजेल? वाड्याचं ऑडिट म्हणजे प्रत्येक तुळईचं भिंतीतलं टोक उघडून बघणं, खांब ओळंब्यात आहे का बघणं, ओल कुठून येतेय ते शोधणं. असं करणारा माणूस शोधा, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. टोकं सडली असतील तर सडका भाग कापून नवीन साग सांध्याने जोडता येतो, किंवा भिंतीच्या आतल्या बाजूने लोखंडी टेकू देता येतो, पूर्ण वाडा उतरवावा लागत नाही. पण चारही बाजूंच्या भिंती फुगल्या असतील, खांब कलले असतील, तर मी स्वतः तुम्हाला पाडा म्हणून सांगेन.

आम्ही पाडला. २०१८ मध्ये. सगळ्यांच्या सह्या जमवायला दीड वर्ष गेलं, तोवर दोन पावसाळ्यांनी उरलेलंही नेलं. जुन्या सागवानाचे व्यापारी असतात, ते वाडा बघतात आणि घनफुटावर बोली लावतात. आमचे सोळा खांब, दिंडी दरवाजा, नक्षीचे हस्त, सगळं एका टेम्पोत गेलं, कुठल्याशा रिसॉर्टला लावलंय म्हणे. आता तिथे चार मजली बिल्डिंग आहे, खाली पार्किंग, अकरा फ्लॅट. आई दुसऱ्या मजल्यावर राहते. तिचे गुडघे गेलेत, आमच्या वाड्यात संडास चौकाच्या पलीकडे होता, पावसात रात्री छत्री घेऊन जायला लागायचं. तिला विचाराल तर ती म्हणेल लिफ्ट आली आणि घरात संडास आला, फार बरं झालं. मी तिच्याशी कधी वाद घालत नाही. जे लोक दुरून वाडा जपा म्हणतात त्यांनी एक पावसाळा त्या संडासाचा काढावा. पण तीच आई संध्याकाळी खाली येऊन पार्किंगच्या शटरपाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसते, कारण ओटा राहिला नाही, आणि समोरच्या मावशी पण बसायच्या त्या आता बसत नाहीत, त्यांच्याही घराखाली पार्किंग आहे.

बिल्डरच्या बाजूचं गणितही समजून घ्या, म्हणजे ऑफर कशी वाचायची ते कळेल. गावठाणात गल्ली अरुंद, प्लॉट लांबट आणि बारीक. डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित नियमावली आहे, तिच्यात एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण, रस्त्याच्या रुंदीवर चढतो, ९ मीटरपेक्षा कमी रस्ता असला की टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, लावता येत नाही. त्यात भाडेकरूंना जागा द्यायची, भाऊबंदांना द्यायची, पार्किंग सोडायचं, विकायला उरतं काय? म्हणून एकट्या वाड्याला चांगला बिल्डर हात लावत नाही, आणि जो रोज फोन करतो तो बहुतेक शेजारचे दोन-तीन प्लॉट मिळून एकत्र करायच्या मागे असतो. सरळ विचारा त्याला. नाहीतर तुमची जागा अडकवून तो शेजाऱ्याची वाट बघत बसेल आणि तुम्ही भाड्याच्या घरात.

आता दुसरा प्रश्न, जुन्या नाशकाचं काय. माझं मत स्पष्ट आहे, देवळं आणि सरकारवाडा जपले म्हणजे जुनं नाशिक जपलं असं नाही. सरकारवाडा राज्य संरक्षित स्मारक आहे, चांगलंय. सुंदरनारायणाचं १७५६ चं देऊळ, त्याचे दगड उतरवून नव्याने बसवायचं काम पुरातत्त्व खात्याने हाती घेतलं. पण इथला इतिहास काही फक्त देवळांत घडला नाही. सावरकरांची अभिनव भारत ही क्रांतिकारी संघटना तिळभांडेश्वर लेनमधल्या साध्या घरात जमलेल्या पोरांनी उभी केली. काझीच्या गढीशेजारच्या मातीच्या टेकाडात १९५०-५१ ला सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी खणलं तेव्हा सातवाहनांच्याही आधीची वस्ती निघाली, म्हणजे आपण दोन हजार वर्षांहून जुन्या गावावर राहतोय, आणि गल्ल्यांची वळणं, चढ-उतार सगळे त्यातूनच आलेत. या गल्ल्यांना संरक्षण कशाचं? कशाचंच नाही.

मला सगळ्यात जास्त पटतं ते रहाडींचं उदाहरण. रंगपंचमीला शनी चौकातली, तिवंध्याची, दिल्ली दरवाज्याची, जुन्या तांबट लेनमधली रहाड उघडतात, पेशव्यांच्या वेळचे ते दगडी हौद, प्रत्येकीचा रंग वेगळा, मान वेगळा. वर्षभर त्या रस्त्याखाली लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेल्या असतात, वरून रिक्षा जातात. त्या टिकल्या कारण आजूबाजूला राहणाऱ्यांना माहीत आहे कुठे खणायचं, रंग कसा उकळायचा, पहिली उडी कोणाची. उद्या तो चौक नुसता दुकानं आणि गोडाऊनचा झाला तर रहाड तिथेच असेल, पण उघडणार कोण? म्हणून मी म्हणतो, जुन्या भागात माणूस राहता ठेवणं हेच जपणं. त्यासाठी काही वाडे पाडून नीट घरं बांधावी लागली तरी माझी ना नाही, फक्त ओट्याची रेषा, गल्लीचं वळण ठेवा, आणि तळमजला अख्खा पार्किंगला देऊ नका, दोनशे मीटरवर एखादं सामाईक पार्किंग करा.

आणि जे वाडे टिकण्यासारखे आहेत त्यांच्या मालकाला काहीतरी मिळालं पाहिजे. आज नियम असा झालाय की पाडणाऱ्याला एफएसआय आणि ठेवणाऱ्याला नोटीस. अहमदाबादने पोळांमधल्या, म्हणजे तिथल्या जुन्या गल्लीवस्त्यांमधल्या, जुन्या घरांच्या मालकांना न वापरलेला एफएसआय टीडीआर म्हणून विकू दिला, त्यातून दुरुस्तीला पैसा उभा राहतो, २०१७ ला ते शहर जागतिक वारसा यादीत गेलं. पुण्यात १८०७ चा विश्रामबागवाडा महापालिकेकडेच आहे. आपल्याकडे २०२७ च्या सिंहस्थाची कामं डोक्यावर आहेत, घाट, रस्ते, सगळीकडे खोदकाम, आणि एवढ्या खर्चात गावठाणातल्या प्रत्येक वाड्याची मोजणी करून नकाशा काढणं ही फार मोठी गोष्ट नव्हे. दोन पॉलिटेक्निकची पोरं एका उन्हाळ्यात करतील. ती यादी असती तर तुमच्या मित्राला हेरिटेज आहे असं अंदाजाने म्हणावं लागलं नसतं, आहे की नाही ते कागदावर असतं.

तुमच्यापुरतं सांगतो. नोटिसीला लेखी उत्तर द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या, ऑडिटसाठी मुदत मागा. या आठवड्यात कोणालातरी कौलांवर चढवा, निदान प्लास्टिक अंथरून गळती थांबवा, आणि मागचा पाईप भिंतीतून असेल तर बंद करून बाहेरून घ्या, पाडायचं ठरलं तरी हे करा, कारण सह्या जमेपर्यंत वाडा उभा राहायला हवा. वारसनोंद अद्ययावत करा, आत्यांना विसरू नका, त्यांचा हिस्सा आहे. पाडायचंच ठरलं तर आधी वाड्याची मापं आणि फोटो घ्या, आणि सागवान बिल्डरच्या करारात गुपचूप जाऊ देऊ नका, त्याची वेगळी किंमत लिहून घ्या, आम्ही तिथे फसलो.

आणि उद्या उजेडात मागच्या भिंतीचा गिलावा नखाने खरवडून बघा. पांढरी भुकटी निघाली तर चुना, नख घसरलं तर सिमेंट. काय निघालं ते इथे लिहा, म्हणजे ऑडिटवाल्याला नेमकं काय विचारायचं ते सांगतो.