लिमरिकमध्ये नदीकाठी घर घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की वहिनींना आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात नर्सची नोकरी लागलीय, भाड्याचं घर शॅनन नदीच्या अगदी जवळ मिळतंय आणि चिपळूणचा २०२१चा पूर अजून डोळ्यांसमोरून जात नाही. मी इथेच राहतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शॅनन ही आयर्लंडमधली सर्वांत लांब नदी, ३६० किलोमीटर. मधल्या टप्प्यात तिला उतार जवळजवळ नाहीच. लॉख री, लॉख डर्ग अशा मोठ्या तळ्यांतून ती रेंगाळत येते. अ‍ॅथलोन गावाच्या खालची कुरणं हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे पाण्याखाली असतात आणि आइसलँडहून आलेले हंस तिथे उतरतात. तिकडचा पूर सावकाश चढतो आणि त्याहून सावकाश ओसरतो.

लिमरिकचं गणित निराळं. इथवर समुद्राची भरती येते. चिपळूणच्या वाशिष्ठीत भरतीला पाणी कसं तुंबतं हे तुम्हाला सांगायला नको, इथेही तोच धोका. फेब्रुवारी २०१४मध्ये वादळ आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली आणि शहरातल्या किंग्ज आयलंड या बेटावरच्या घरांत पाणी शिरलं. त्यामुळे सरकारच्या 'फ्लडइन्फो' संकेतस्थळावर घराची जागा नकाशात बघाच. तळमजला शक्यतो नको. आधी पाणी आलं होतं का, हे घरमालकाला स्पष्ट विचारा आणि सामानाचा विमा मिळतो याची खात्री झाल्यावरच सही करा.

पण पुराच्या धास्तीने नदीपासून फार लांब मात्र जाऊ नका, मुलं मोठ्या आनंदाला मुकतील. ओहोटीला किंग जॉनच्या किल्ल्यासमोर नदीतले 'करागोवर' नावाचे खडक उघडे पडतात. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, कारण वरच्या भागातल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, दलदलीतून ते येतं. खडकावर राखी बगळा मान आखडून उभा असतो, शेजारी पाणकावळा पंख पसरून वाळवत असतो. काही तासांनी जा, खडक गायब आणि नदी थबकल्यासारखी. विद्यापीठाच्या बाजूला सकाळी शांत उभं राहिलात तर खंड्या दिसेल. आपल्या ओढ्यावरचा छोटा खंड्या, तोच पक्षी! पाणमांजरंही आहेत, पण ती नशिबाने दिसतात. मगरी नाहीत, रानात सापही नाहीत. भीती आहे ती गार पाण्याची आणि ओढीची. मुलांना एकटं पाण्यात उतरू देऊ नका, उन्हाळ्यातसुद्धा.

एका गोष्टीचं मला खरोखर वाईट वाटतं. १९२९मध्ये आर्डनाक्रुशाचं वीजकेंद्र सुरू झालं तेव्हा शॅननचं बहुतेक पाणी कालव्यात वळवलं गेलं. कोयनेचं पाणी पोफळीला वळवलेलं तुम्ही पाहिलंय, तसंच हे. विजेने देश उजळला, पण कॅसलकॉनेल गावाजवळच्या जुन्या पात्रातला सामन मासा पार रोडावला.

उन्हाळ्यात किलरश गावाहून बोटीने शॅननच्या खाडीत डॉल्फिन बघायला जा. शंभराहून जास्त आहेत आणि कायम तिथेच राहतात.

घर कुठल्या रस्त्यावर आहे ते मला कळवा. पौर्णिमेच्या उधाणाला, ऐन भरतीच्या वेळी जाऊन पाणी दारापासून किती लांब राहतं ते मी बघून येतो.