बुरशीचे विष आणि जिवाणू : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न : बुरशी लागलेले धान्य धुऊन, वाळवून, नीट शिजवून घेतले, तर पुरेसे नाही का?

उत्तर : नाही. शिजवल्याने बुरशी मरते. परंतु तिने आधीच धान्यात सोडलेले विष हा रासायनिक पदार्थ असल्यामुळे तो मागे राहतो. यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारे अफ्लाटॉक्सिन पाणी उकळण्याच्या तापमानाला बहुतांशी तग धरते, आणि ते पुरते नष्ट होईल इतकी उष्णता दिली तर धान्यच जळून जाईल. जिवाणूंच्या एन्झाइमांचे (रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांचे) महत्त्व इथे आहे : ती धान्यातील पोषक घटकांना फारसा धक्का न लावता विषाच्या रेणूतील नेमका बंध तोडू शकतात.

प्रश्न : चाचणीत विष दिसेनासे झाले, तर धान्य निर्धोक मानावे का?

उत्तर : या विषयातला सर्वांत कळीचा प्रश्न हाच आहे, आणि जाहिरातींत त्याला नेमकी बगल दिली जाते याची मला काळजी वाटते. मूळ विष घटले एवढे कळणे पुरेसे नसते. त्याचे रूपांतर कशात झाले, हेही कळावे लागते. फ्युझेरियम बुरशीच्या डीऑक्सिनिव्हॅलेनॉल या विषाचा घातकपणा मुख्यतः त्याच्या रेणूतील इपॉक्साइड कड्यावर (ऑक्सिजनचा एक व कार्बनचे दोन अणू मिळून झालेल्या छोट्या वलयावर) अवलंबून असतो. गाईच्या कोटीपोटातून (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातून) वेगळा केलेला एक जिवाणू हे कडे उघडतो आणि उरणारा पदार्थ कितीतरी सौम्य असतो. म्हणूनच युरोपीय संघाने २०१३ मध्ये या जिवाणूला डुकरांच्या खाद्यात वापरण्याची मान्यता दिली. फ्युमोनिसिन या आणखी एका बुरशीच्या विषाच्या रेणूला जोडलेल्या दोन बाजूशृंखला कापणारे, मुळात जिवाणूपासून मिळालेले एन्झाइमही तिथे पशुखाद्यासाठी मान्य आहे. याउलट झिअरॅलेनोन या विषाचे काही सूक्ष्मजीव अल्फा-झिअरॅलेनॉलमध्ये रूपांतर करतात. चाचणीत झिअरॅलेनोन कमी झालेले दिसते खरे, पण नव्या पदार्थाचा स्त्री-संप्रेरकासारखा परिणाम मूळ विषापेक्षाही तीव्र असतो. त्यामुळे उरलेल्या पदार्थांची विषाक्तता पेशींवर आणि प्राण्यांवर तपासल्याशिवाय कोणत्याही जिवाणूला विषनाशक म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आंबवण्यातले लॅक्टिक आम्लाचे जिवाणूही विष तोडतात का?

उत्तर : अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत ते प्रामुख्याने विषाला आपल्या पेशीभित्तिकेवर धरून ठेवतात; मृत जिवाणूही हे करतात. ही पकड काही प्रमाणात सुटू शकते, म्हणून बांधणे आणि तोडणे यांत गल्लत करू नये.

प्रश्न : मग कोठारातल्या धान्यावरच जिवाणू फवारता येतील का?

उत्तर : एन्झाइमाला काम करण्यासाठी पाणी लागते, तर धान्य टिकवण्यासाठी त्यातील ओलावा साधारण १३-१४ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नसतो, फवारणीने ओलावा वाढला तर बुरशीलाच आमंत्रण मिळेल. म्हणून आज हे उपाय मुख्यतः पशुखाद्यात मिसळले जातात आणि प्रत्यक्ष काम जनावराच्या पचनमार्गात होते. अफ्लाटॉक्सिन काढून टाकणारा जिवाणू १९६६ मध्येच नोंदवला गेला होता. मात्र त्याचे गडद नारिंगी रंगद्रव्य अन्नात उतरणे ही त्याच्या वापरातली एक अडचण ठरली.

प्रश्न : माणसांना न चालणारे असे धान्य दुभत्या जनावरांना घातले तर चालेल का?

उत्तर : मुळीच घालू नये. जनावराच्या यकृतात धान्यातल्या अफ्लाटॉक्सिन बी-१ या प्रकाराचे एम-१ या दुसऱ्या प्रकारात रूपांतर होते आणि ते दुधात उतरते. दूध तापवल्यानेही ते जात नाही.