हाडांची मोजणी, बाळाची टाळू आणि आईचा खुबा

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. पुस्तकात २०६ हाडे दिली आहेत. तिचे आजोबा म्हणतात, सुश्रुताने ३०० मोजली, चरकाने ३६०. खरे कोणाचे? (सातारा)

प्रत्येकाने मोजले काय, ते आधी पाहू. चरकसंहितेतल्या ३६० मध्ये ३२ दात, दातांच्या ३२ खोबणी आणि २० नखेसुद्धा धरलेली आहेत. ‘वेदवादी ३६० म्हणतात, शल्यतंत्रात (शस्त्रक्रियेच्या शास्त्रात) मात्र ३००च’ असे सुश्रुतसंहिता स्वच्छ सांगते. तिच्या यादीत दात आहेत आणि कूर्चाही (नाक-कानात असते तसे मऊ, लवचिक हाड) ‘तरुण’ अस्थी म्हणून आहे. म्हणजे आजोबांचे आकडे बरोबर आहेत, फक्त हाडाची व्याख्या निराळी.

२०६सुद्धा मोठ्या माणसाचीच. जन्मतः बाळाच्या अंगात तीनशेच्या आसपास तुकडे असतात आणि वाढता वाढता ते जुळत जातात. माकडहाडाच्या वरचे त्रिकोणी हाड म्हणजे एकमेकांत मिसळलेले पाच मणके. मुलीला स्वतःचे मनगट चाचपून पाहायला सांगा. तेवढ्याशा जागेत आठ हाडे आहेत. दोन हात-दोन पायांचे पंजे मिळून १०६ होतात, निम्म्याहून जास्त!

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचे आहे. टाळू उडताना दिसते, भीती वाटते. मालिशवाल्या मावशी तेल घालून टाळू दाबतात, ते चालेल का? (नांदेड)

उडू दे, ती आतल्या रक्तवाहिन्यांची ठोक आहे. कवटीची हाडे अजून जुळलेली नाहीत, कारण आत मेंदू वाढतो आहे. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते, कधी थोडी उशिरा. हलक्या हाताने तेल लावले तर हरकत नाही. दाबणे मात्र मावशींना आजच थांबवायला सांगा. टाळू खोल गेली, किंवा ताप-उलटीसोबत फुगून ताठ झाली, तर त्याच क्षणी डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : आई ६८ वर्षांची. आयुष्यभर शेतात राबली. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्यात हाड मोडले. डॉक्टर म्हणाले, हाडे ठिसूळ झाली आहेत. इतक्या कष्टाच्या बाईची हाडे ठिसूळ कशी? (अहिल्यानगर)

ताई, तुमच्या आईंच्या कष्टात काही कमी पडले नाही. मांडीचे हाड खुब्यापाशी उभे कापलेले मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा बराच वेळ हातातून खाली ठेवले नव्हते. आत बारीक जाळी असते आणि तिचे धागे कमानीसारखे वळून अंगाचा भार जिकडून येतो तिकडेच जातात. हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवते, हा नियम बर्लिनच्या युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. भारच नसेल तर उलटे होते. अंतराळवीरांच्या खुब्यातले हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजते.

ही जाळी रोज मोडते आणि रोज बांधली जाते. काही पेशी जुने हाड खातात, दुसऱ्या नवे घालतात. स्त्रीच्या शरीरातले इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालते. पाळी गेली की तो लगाम सुटतो. त्यात शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत साठलेले असते. हृदयाच्या ठोक्यांना रक्तात कॅल्शियम लागतेच, आणि जेवणातून मिळाले नाही तर शरीर ते हाडांच्या कणगीतून काढते. बाळंतपणे, अंगावर पाजणे, सगळ्यांना वाढून उरेल ते खाणे... किती घरांत कणगी अशीच रिकामी होत आली आहे, आणि कळते ती हाड मोडल्यावर.

आता शस्त्रक्रियेनंतर सर्जन सांगतील त्या दिवशी आईंना उभे करा. ‘पडून राहू दे बिचारीला’ म्हणू नका. पडून राहिल्याने हाड आणि स्नायू दोन्ही जातात, शिवाय फुप्फुसात कफ साठतो. ड जीवनसत्त्व तपासून घ्या आणि ठिसूळपणाच्या औषधाबद्दल आवर्जून विचारा. खुबा दुरुस्त झाला आणि औषध राहून गेले, असे फार वेळा होते. जेवणात नाचणीची भाकरी, दूध, तीळ असू द्या. न्हाणीघरात पकडायला दांडा बसवा. आणि ताई, पाळी जायच्या वयाला आला असाल तर तुमच्याही हाडांचे डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : बोटे मोडल्याने सांधे झिजतात का? (पणजी)

नाही. सांध्यातल्या वंगणात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. डोनाल्ड अंगर या अमेरिकन डॉक्टरांनी साठ वर्षे एकाच हाताची बोटे मोडली आणि दोन्ही हात सारखेच राहिले. दुखत किंवा सुजत असेल, तर मात्र दाखवून घ्या.